जुन्या संगणकाचा बोर्ड : आधी तपासणी, मग वीज



गाळप हंगाम संपला की कारखान्यात काय चालते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. मिलचे रोलर वर काढतात, बेअरिंगे उघडतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, पंप आणि मोटारी एकेक करून खोलल्या जातात. मग बॉयलरची पाण्याच्या दाबाची चाचणी, मग प्रत्येक मोटार एकटी फिरवून पाहणे, मग मिल मोकळी चालवणे, आणि हे सगळे मनासारखे झाले म्हणजे बॉयलर पेटतो व गव्हाणीत मोळी पडते. सारा पावसाळा उभी असलेली मिल कोणी एकदम बटण दाबून उसावर चालवत नाही. तसे केले तर काय होईल हे कालच कामाला लागलेल्या फिटरलाही कळते.

जुन्या संगणकाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो. सोसायटीच्या कपाटामागे, पतसंस्थेच्या माडीवर, शाळेच्या अडगळीत वीस-तीस वर्षांपूर्वीचा संगणक धूळ खात पडलेला असतो. कोणी तरी म्हणतो, "चालतोय का बघू या." पिन सॉकेटात खुपसतो, बटण दाबतो. फट्ट असा आवाज होतो, जळका वास सुटतो. "गेला! द्या भंगारात." खरी गोष्ट अशी की बटण दाबेपर्यंत तो गेलेला नसतो. बरा होण्यासारखा असतो. आणि भंगारात नुसते लोखंड-प्लास्टिक जात नाही. त्याच्या पोटातली जुनी ऊसनोंद, वजने, शेअर्सचे आणि ठेवींचे खाते हेही त्याच्याबरोबर जाते.

म्हणून जुन्या संगणकाचा बोर्ड कसा साफ करावा, कसा तपासावा आणि वीज केव्हा द्यावी, हे या लेखात क्रमाने सांगतो. सगळ्या प्रक्रियेचे सार एका वाक्यात सांगायचे तर, वीज ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे.

आपल्याकडचे जुने संगणक

जुना म्हणजे किती जुना? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला. पुढे १९६२ मध्ये त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसले व्हॉल्व. १९६१ मध्ये मुंबईत एस्सो या तेल कंपनीने आयबीएम १४०१ हा संगणक बसवला. तो ट्रान्झिस्टरवर चालणारा होता.

खेड्यापाड्यांच्या जवळ संगणक आला तो पुढच्या काळात. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' नावाची योजना काढून देशातील सुमारे २५० शाळांना संगणक दिले. ते 'बीबीसी मायक्रो' जातीचे होते. मूळ यंत्र इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे, १९८१ च्या डिसेंबरातले.

आणि ऊस उत्पादकाच्या दारी संगणक आला तो वारणेला. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी वारणा परिसरात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावच्या केंद्रात संगणक ठेवला. ऊसनोंद, तोडणीची चिठ्ठी, वजनाचा आकडा आणि बिल यांसाठी कारखान्यापर्यंत हेलपाटा पडू नये हा हेतू. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी त्यांतील सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या एसएमएसवर तीच माहिती देण्याचा प्रयोग केला. यंत्रे अशीच मागे पडतात. पण यंत्र मागे पडले म्हणून त्यात लिहिलेला आकडा खोटा होत नाही. जुना वाद निघाला, वारसाची नोंद करायची झाली, म्हणजे तोच आकडा शोधावा लागतो.

बोर्ड म्हणजे काय?

संगणकाचे खोके उघडले की आत हिरवी किंवा तपकिरी पाटी दिसते. तोच सर्किट बोर्ड. काचतंतूच्या पाटीवर तांब्याच्या बारीक रेघा असतात. त्यांना पाट-चाऱ्या समजा. पॉवर सप्लाय म्हणजे विहिरीवरचा पंप. तिथून ५ व्होल्टचा प्रवाह मुख्य पाटातून निघतो आणि चारीचारीने प्रत्येक चिपपर्यंत पोचतो.

वाटेत छोटे-मोठे कपॅसिटर असतात. ते हौदासारखे काम करतात. पंपाने उचक्या दिल्या तरी हौदामुळे पुढचे पाणी एकसारखे राहते. रेझिस्टर म्हणजे पाणी अडवून बेताने सोडणारे दार. क्रिस्टल नावाची चकचकीत डबी ठेका धरते. लेझीमच्या ताफ्यात हलगीवाला जसा, तशी ती डबी. ठेका चुकला की सगळा ताफा विस्कटतो. काळ्या, अनेक पायांच्या चिपांपैकी एक प्रोसेसर, म्हणजे हुकूम पाळून काम करणारा. काही चिपा 'रॉम', म्हणजे कायम लिहून ठेवलेल्या सूचना. बाकीच्या 'रॅम', म्हणजे पाटीवरची पेन्सिल, वीज गेली की पुसली जाणारी.

एवढे समजले की दुरुस्तीचे अर्धे गणित सुटले. शेतात पाणी पोचत नसेल तर आपण आधी पंप बघतो, मग पाट, मग चारी. शेवटच्या सरीत फावडे घेऊन आधी कोणी उतरत नाही. बोर्डाचेही तसेच.

बिघाड कुठे होतो?

नुसत्या पडून राहण्याने बोर्ड कसा बिघडतो, हे पाहण्यासाठी मुद्दाम अवघड जागा घेऊ. घाटाखाली ठाणे जिल्ह्यात शहापूर आणि मुरबाडच्या पट्ट्यात किन्हवली हे गाव आहे. भाताचा मुलूख. शेजारच्या तानसा, भातसा धरणांतून मुंबईला पाणी जाते, यावरून तिथल्या पावसाची कल्पना यावी. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. समजा, किन्हवलीतल्या एखाद्या घराच्या माळ्यावर कुठल्या तरी शाळेच्या लिलावात घेतलेला बीबीसी मायक्रो प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून वीस पावसाळे पडून आहे. त्याचे काय झाले असेल?

पहिले म्हणजे दमट हवा. प्लास्टिकच्या कागदाने पाणी अडते, पण दमट हवा आत कोंडते. चिपा ज्या सॉकेटात बसवलेल्या असतात त्यांचे पाय काळे पडतात, हिरवा गंज चढतो. चिप चांगली, बोर्ड चांगला, पण दोघांची गाठ पडत नाही.

दुसरे म्हणजे कपॅसिटर. डबीच्या आकाराच्या कपॅसिटरमध्ये द्रव असतो. तो काही वर्षांनी सुकतो किंवा गळतो. १९९९ ते २००७ च्या सुमारास बनलेल्या पुष्कळ बोर्डांवर तर हलक्या प्रतीच्या द्रवाचे कपॅसिटर लागले. ते वरून फुगतात, टोपी फाटते, तपकिरी राळ बाहेर येते. वारणेच्या काळातल्या पिढीचे संगणक उघडताना हे आधी पाहावे.

तिसरे म्हणजे बॅटरी. बीबीसी मायक्रोच्या साध्या नमुन्यात ती नाही. पण त्यानंतरच्या २८६, ३८६, ४८६ जातीच्या संगणकांत घड्याळासाठी बोर्डावरच निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी झाळलेली असे. ती गळली की तिचा क्षार तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो. बंद खोक्यात, कुणाला न दिसता, वर्षानुवर्षे हे काम चालू राहते.

चौथे म्हणजे जीवजंतू. झुरळे, पाली, उंदीर. उंदराचे मूत्र बोर्डाला फार वाईट. तेही गंजच आणते.

पाचवे कारण म्हणजे आपण स्वतः. कोरड्या हवेत, पायात रबरी चप्पल आणि अंगात टेरिलीनचा सदरा असला की अंगावर स्थिर वीज साठते. आपल्याला जाणवतही नाही, पण चिप तिने मरते. बोर्डाला हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावावा, चिपा कडेला धरून उचलाव्यात.

पहिला दिवस : नुसते पाहणे

पहिल्या दिवशी पिन सॉकेटात घालायची नाही. खोके उघडावे आणि आधी फोटो काढावेत. वरून, खालून, कडेने. कोणती वायर कुठे, कोणती चिप कोणत्या तोंडाने बसली आहे, याची वहीत नोंद करावी. चिपेच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. ती उलटी बसली तर वीज देताच चिप जळते. चार दिवसांनी "ही कुठली वायर हो?" म्हणायची पाळी येऊ नये.

मग उजेडात नीट पाहावे. फुगलेला कपॅसिटर, हिरवा डाग, काळवंडलेली जागा, तुटलेली रेघ, निखळलेला स्क्रू. बोर्डाखाली अडकलेला एक स्क्रूसुद्धा सगळे जाळायला पुरतो. भिंग असेल तर उत्तम. निम्मे दोष डोळ्यांनाच सापडतात.

संगणकात हार्डडिस्क असेल तर ती याच दिवशी काढून बाजूला ठेवावी. तिच्यासाठी निराळा क्रम आहे, तो पुढे सांगतो. आणि काचेची खिडकी असलेली चिप दिसली तर तिच्यावरचा कागद काढू नये. ती 'ईप्रॉम'. तिच्यातील मजकूर अतिनील किरणांनी पुसला जातो. खिडकी उघडी ठेवून आठवडाभर उन्हात ठेवली तर ती कोरी होऊ शकते. चिकटपट्टी सुटली असेल तर दुसरी लावावी.

सफाई

सुकी धूळ मऊ कुंचल्याने झटकावी. मग ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशवर घेऊन बोर्ड हलक्या हाताने घासावा. रॉकेल, पेट्रोल, कपड्याची साबण-पावडर यांपैकी काही वापरू नये. तांब्याच्या रेघेवर पॉलिशपेपर घासू नये. रेघ केसाएवढी पातळ असते.

बॅटरी गळालेली असेल तर आधी ती कापून काढावी. तिचा पांढरा-हिरवा थर क्षाराचा असतो, म्हणून त्यावर पांढरे व्हिनेगर कापसाने लावावे. ते क्षार मारते. मग डिस्टिल्ड वॉटरने धुवावे, शेवटी अल्कोहोलने पुसावे. नळाचे किंवा बोअरचे पाणी नको, त्यात मीठ असते. हातमोजे घालावेत, कारण कॅडमियम विषारी आहे.

धुतलेला बोर्ड सावलीत, पंख्याखाली एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्यावा. किन्हवलीसारख्या ठिकाणी पावसाळ्यात हे काम काढूच नये. दिवाळी झाल्यावर, हवा कोरडी झाली की काढावे.

सॉकेटातल्या चिपा एकेक करून, दोन्ही टोकांकडून थोड्या थोड्या उचलून काढाव्यात, पाय साफ करावेत आणि त्याच जागी त्याच तोंडाने घट्ट बसवाव्यात. एवढ्यानेच चालू झालेले संगणक पुष्कळ आहेत.

पॉवर सप्लाय वेगळा तपासा

पंप नीट नसेल तर पाटात पाणी सोडायचे नाही. पॉवर सप्लाय बोर्डापासून सोडवून वेगळा तपासावा.

इथे एक इशारा. पॉवर सप्लायच्या आत २३० व्होल्टची वीज सरळ करून सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होते आणि ती मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. पिन काढल्यावरही ती काही वेळ राहते. हे जीवावरचे काम आहे. ज्याला याची सवय नाही त्याने त्याचे खोके उघडू नये, जाणत्या मेकॅनिककडे द्यावे. तसेच जुन्या पेटीसारख्या मॉनिटरच्या आत हजारो व्होल्ट असतात. तो उघडूच नये.

बीबीसी मायक्रोच्या सप्लायमध्ये वीज आत येते त्या तोंडाशी पिवळसर, पारदर्शक आवरणाचे कागदी कपॅसिटर असतात. वर्षे गेली की आवरणाला बारीक तडे जातात, दमट हवा आत शिरते, आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत ते धूर सोडतात. तो धूर पाहून लोक संगणकच टाकून देतात. वास्तविक हे काही रुपयांचे सुटे भाग. तडे दिसोत वा न दिसोत, ते आधीच बदलावेत. नवे घेताना 'एक्स-२' जातीचेच घ्यावेत, साधे चालत नाहीत.

त्यानंतर आपले वायरमन वापरतात तो सिरीज दिवा घ्यावा. सप्लायच्या वाटेत ६० ते १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तार असलेला बल्ब जोडायचा. एलईडी चालत नाही. वीज दिल्यावर बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक. तसाच प्रखर जळत राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजून लगेच बंद करावे. बल्ब मध्ये असल्यामुळे मोठा प्रवाह धावत नाही आणि जास्त नुकसान टळते.

अशा सप्लायला थोडे ओझे लागते. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब ५ व्होल्टच्या तारांना जोडला की पुरते. मग मल्टिमीटरने मोजावे. ५ व्होल्टच्या जागी ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान आकडा हवा. बीबीसी मायक्रोला याशिवाय उणे ५ व्होल्टही लागतात. अर्धा तास सप्लाय एकटा चालवावा. आकडा ढळला नाही, वास आला नाही, तर पंप पास.

बोर्डाला वीज देण्याआधी एक मोजणी

वीज बंद असतानाच मल्टिमीटर ओहमवर ठेवून बोर्डाच्या ५ व्होल्टच्या आणि जमिनीच्या तारेत मोजावे. आकडा एक-दोन ओहमच्या खाली असेल तर पाट कुठे तरी फुटला आहे. थेंबाच्या आकाराचे टँटलम कपॅसिटर असे शॉर्ट होतात, त्यांच्याकडे पहिला संशय घ्यावा.

आकडा ठीक असेल तर सप्लाय जोडावा, चालू करावा आणि कान व नाक उघडे ठेवावे. हात बटणावरच. मिनिटभराने बंद करून चिपांना बोट लावून पाहावे. चटका देणारी चिप संशयित. मात्र बीबीसी मायक्रोची चित्र काढणारी मोठी चिप मुळातच गरम चालते, तिच्यावर धातूचा पंखही असतो. प्रत्येक यंत्राची अशी खोड माहीत करून घ्यावी. चांगला बैल मारका ठरवू नये.

यंत्र काय सांगते?

बीबीसी मायक्रो चालू केला की आधी एक खालच्या पट्टीतला लांब सूर येतो आणि लगेच उंच 'टिप्' होऊन थांबतो. पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' अशी ओळ उमटते. खालचा सूर चालूच राहिला, 'टिप्' आलेच नाही, तर समजावे की प्रोसेसरने कामाला हातच घातलेला नाही.

आता अंदाजाने चिपा बदलत बसू नये. क्रमाने चार प्रश्न विचारावेत. त्यासाठी 'लॉजिक प्रोब' नावाचे पेनासारखे स्वस्त साधन मिळते. तारेवर शून्य आहे, एक आहे, की दोन्हींत धडधड आहे, हे ते दिव्याने दाखवते. या जातीच्या चिपांत ०.८ व्होल्टच्या खाली शून्य आणि २ व्होल्टच्या वर एक. मधलाच आकडा स्थिर दिसला तर तिथे दोन चिपा भांडत आहेत किंवा एक मेली आहे.

पहिला प्रश्न : चिपेपर्यंत वीज पोचते का? या संगणकाचा प्रोसेसर ६५०२ जातीचा, ४० पायांचा. त्याच्या ८ नंबरच्या पायावर ५ व्होल्ट हवेत. सप्लायवर ५ आणि चिपेवर ४ असतील तर मधला सांधा खराब.

दुसरा प्रश्न : ठेका आहे का? ३७ नंबरच्या पायावर धडधड हवी. हा प्रोसेसर सेकंदाला २० लाख ठोक्यांवर चालतो.

तिसरा प्रश्न : सुरुवातीचा हुकूम मिळतो का? ४० नंबरचा पाय 'रीसेट'. वीज देताना क्षणभर शून्य, मग एक झाला पाहिजे. शून्यावरच अडकला असेल तर प्रोसेसर बिचारा शिट्टीची वाट पाहत उभा आहे.

चौथा प्रश्न : पत्त्यांच्या तारा हलतात का? प्रोसेसरला १६ तारांवरून पत्ता पाठवावा लागतो. त्या सगळ्या मेल्यासारख्या असतील तर प्रोसेसर किंवा रॉम संशयित.

इथे कारखान्यातल्या मिलच्या मोकळ्या चाचणीसारखी एक युक्ती आहे. प्रोसेसरला 'काही करू नकोस, पुढे चल' एवढाच हुकूम सतत मिळेल अशी जोडणी करतात. त्या हुकमाचा आकडा सोळाच्या पद्धतीत 'ईए'. मग प्रोसेसर उसाविना फिरणाऱ्या मिलसारखा पहिल्या पत्त्यापासून शेवटच्यापर्यंत फिरत राहतो. प्रत्येक पुढची तार आधीच्या तारेच्या निम्म्या वेगाने हलली पाहिजे. जी तार हलत नाही किंवा शेजारणीच्या तालावर हलते, तिथे दोष.

रॉम आणि रॅम

रॉम चिपेचा मजकूर वाचणारे यंत्र मिळते. आधी तिची नक्कल उतरवून ठेवावी, मग चांगल्या प्रतीशी ताडून पाहावी. जगात अशा प्रती जपणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. बीबीसी मायक्रोच्या प्रती सहज मिळतात. पण आपल्या गावातल्या एखाद्या संस्थेसाठी कोणी लिहिलेली चिप असेल तर तिची दुसरी प्रत जगात नसेल. ती आधी वाचून घ्यावी.

रॅम तपासायची रीत गोदामपालासारखी. प्रत्येक खणात ठेवायचे आणि परत मोजायचे. आधी ५५ हा आकडा लिहितात, मग एए. सोळाच्या पद्धतीतले हे आकडे म्हणजे शून्य-एक, शून्य-एक आणि त्याच्या उलट. त्यामुळे प्रत्येक खण दोन्ही बाजूंनी तपासला जातो. या संगणकात ३२ के साठी रॅमच्या १६ चिपा आहेत. त्यांतली एक बिघडली तरी सगळे अडते, पण बदलायची एकच असते.

बोर्डावर झाळलेली चिप काढताना मेलेल्या चिपेचा मोह धरू नये. तिचे पाय कापून ती काढावी आणि मग एकेक पाय तापवून ओढावा. जास्त तापवले तर रेघ पाटीपासून सुटते, आणि चिपेपेक्षा रेघ महाग. जागा साफ करून सॉकेट झाळावे व नवी चिप त्यात बसवावी. पुन्हा बदलायची वेळ आली तर सोपे जाते. झाळताना खिडकी उघडी ठेवावी, काम झाल्यावर हात धुवावेत, जुन्या झाळणात शिसे असते.

हे काम सावकाशीचे आहे याचा दाखला हवा असेल तर अमेरिकेतला पाहा. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयात आयबीएम १४०१ पुन्हा चालता केला आहे. मुंबईत १९६१ साली आलेल्या यंत्राच्याच जातीचा. त्यात हातभर नव्हे, हाताच्या तळव्यात मावणारी कार्डे शेकड्यांनी असतात. निवृत्त अभियंते स्वयंसेवक म्हणून एकत्र आले आणि वर्षानुवर्षे एकेक दोष शोधत बसले. घाई नाही, नोंदवही मात्र चोख. म्हणून ते यंत्र आज लोकांसमोर कार्डे वाचते आणि छापते.

हार्डडिस्क आणि नोंदी

संस्थेच्या दृष्टीने मोलाचा भाग हाच. जुन्या संगणकातील हार्डडिस्क त्याच संगणकात चालवून पाहू नये. आधी वेगळी काढून, जोडणी करणाऱ्या छोट्या साधनाने नव्या संगणकाला लावावी, तीवर काही न लिहिता संपूर्ण नक्कल उतरवावी, आणि पुढचे सगळे काम नकलेवर करावे. डिस्कमधून खडखड आवाज आला तर लगेच बंद करून जाणकाराकडे न्यावी. पुन्हा पुन्हा चालू करून पाहिल्याने उरलेलेही जाते. फ्लॉपीवर बुरशीचे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नये. ती फ्लॉपीही जाते आणि ड्राइव्हचे डोकेही खराब होते.

नक्कल हाती आल्यावर संगणक चालो वा न चालो, सभासदांचे नुकसान टळले.

काय करू नये

हे शिकलो म्हणून वजनकाट्याच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला हात लावू नये. तो वैधमापन खात्याने तपासून सील केलेला असतो. सील तोडले की काट्यावरचा विश्वासच तुटला. ते काम परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याचे, आणि नंतर काटा पुन्हा पडताळून घ्यावाच लागतो.

दुरुस्त न होणारा बोर्ड तांब्याच्या आशेने जाळू नये. त्याच्या धुरात शिसे आणि इतर विषे असतात, तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. असा माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावा.

घरचे काही असेल, पंपाच्या ऑटो-स्टार्टरचा किंवा ठिबकच्या कंट्रोलरचा बोर्ड, तर क्रम हाच ठेवावा. फक्त खटका पाडून, मेन बंद करून, मीटरने खात्री केल्यावर.

लक्षात ठेवण्यासाठी

१. जुना संगणक मिळाला की पिन घालू नका. फोटो आणि नोंद आधी.

२. हार्डडिस्क काढून नक्कल आधी, दुरुस्ती मागाहून.

३. बॅटरी गळाली असेल तर ती लगेच काढा. बोर्ड साफ करून पूर्ण वाळवा.

४. पॉवर सप्लाय एकटा, सिरीज दिव्यावर तपासा.

५. शॉर्ट आहे का ते मोजा, मगच बोर्डाला वीज द्या.

६. वीज, ठेका, रीसेट, पत्ता या क्रमाने तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा.

७. चालू झालेले यंत्र महिन्यातून तासभर चालवा. जवळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. प्लास्टिकमध्ये कोंडू नका, सुती कापडाने झाका.

शेवटी एक विनंती. आपण कुणी सोसायटीत, कुणी पतसंस्थेत, कुणी शाळेच्या समितीवर आहोत. जुने सामान भंगारात विकण्याचा ठराव बैठकीत येतो तेव्हा रक्कम किती आली एवढेच आपण विचारतो. यापुढे सही करण्याआधी आणखी एक गोष्ट विचारावी : "यातल्या नोंदी उतरवून घेतल्या का?" उत्तर 'नाही' असेल तर ठराव पुढच्या बैठकीपर्यंत थांबवावा. भंगारवाला महिनाभराने पुन्हा येईल. नोंदी परत येणार नाहीत.